रियाधला गाडी बदलायची

हुसेनचाचांनी इहराम बांधला तो चुकीच्या भोंग्यावर.

जानेवारी एक्क्याण्णवची गोष्ट. संध्याकाळची दम्मामची गाडी रियाध स्टेशनात शिरत होती आणि नेमका तेव्हाच शहरभर सायरन सुरू झाला. इराकचं क्षेपणास्त्र येतंय म्हटल्यावर डब्यातली माणसं सीटांखाली शिरली, बायकांनी पोरांच्या नाकातोंडाला ओले रुमाल दाबले. आमचे चाचा मात्र शांतपणे उठले, बोचकं काखेत मारून संडासात गेले आणि बाहेर आले ते इहरामच्या दोन पांढऱ्या, न शिवलेल्या कापडांत, उघड्या डोक्यानं, "लब्बैक", म्हणजे हजर आहे मी, असं म्हणत.

मी त्यांना उतरवून घ्यायला फलाटावर उभा होतो. म्हणजे खरं तर एका खांबामागं उकिडवा बसलो होतो, उगाच शूरपणा कशाला सांगू. सायरन थांबला तसा वर आलो आणि बघतो तर समोर चाचा, कडाक्याच्या थंडीत एक खांदा उघडा टाकून, आणि त्यांच्या मागं दोन बॅगा ओढत त्यांची सून रुकय्याभाबी.

"चाचा, हे काय?"

"भोंगा झाला नाय का? मीकात आला," चाचा म्हणाले. "चल, पुढची गाडी कवा हाय?"

मी भाबीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. तिला म्हणायचं होतं, आता काही बोलू नको.

आमच्या रत्नागिरीच्या खाडीकाठची माणसं पूर्वी हजला मुंबईहून जहाजानं जायची. अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ यलमलमचा डोंगर समांतर आला की कप्तान भोंगा वाजवायचा. तो मीकात, म्हणजे मक्क्याला जाणाऱ्यानं जिथं इहराम बांधायचा ती हद्द. भोंगा ऐकून बाप्ये इहराम बांधायचे, बायका रडायला लागायच्या. परत आलेला प्रत्येक हाजी ही भोंग्याची गोष्ट इतक्या चवीनं सांगायचा की आमच्याकडच्या पोरांना अलिफ-बे यायच्या आधी तो भोंगा ठाऊक असायचा. चाचांनी साठ वर्षं त्या भोंग्याची वाट पाहिली होती. दुसऱ्या कुठल्याही मुलखातला माणूस सायरन ऐकून तळघर शोधता झाला असता. आमचा कोकणी म्हातारा मक्क्याच्या तयारीला लागला.

हसायला येतं, मलाही त्या दिवशी थोडं आलं. पण इहराम ही टोपी नव्हे, घातली आणि काढली. एकदा नियत, म्हणजे मनातला संकल्प, करून बांधला की उमरा, म्हणजे मक्क्याची धाकटी यात्रा, पुरी होईपर्यंत सुटत नाही. शिवलेला कपडा नाही, मोजे नाहीत, डोकं झाकायचं नाही. आणि मक्का रियाधपासून दिवसभराच्या वाटेवर होती.

आता ते रेलनंच का आले, तेही सांगतो. चाचांची दादी तरुण असताना आमच्या गावात निरोप आला होता की इस्तंबूलचा सुलतान हाजींसाठी दमास्कसपासून मक्क्यापर्यंत रेल टाकतोय, मुसलमानांनी हातभार लावावा. दादीनं मशिदीत हातातल्या पाटल्या काढून दिल्या. आमच्या खाडीकाठी तेव्हा कुणी रेल पाहिलेली नव्हती, आम्हाला आगबोट तेवढी माहीत. पण त्या दिवसापासून आमच्या घरात पक्कं झालं की अरबस्तानात रेल आहे, ती मक्क्याला जाते, आणि तिच्यात कुठंतरी आमचा लोखंडाचा तुकडा आहे. खरं म्हणजे ती रेल मदिन्यापर्यंत आली आणि तिथंच संपली. मक्क्याला तिचा एक रूळ कधी पोचला नाही. पुढं पहिल्या महायुद्धात ती उखडली गेली आणि वाळूत बुडाली. दम्माम-रियाधची गाडी वेगळी, पुष्कळ नंतरची, तेलवाल्यांच्या सामानासाठी टाकलेली, आणि ती रियाधला संपते.

हे चाचांना कुणी सांगितलं नाही. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ तौकीर, दम्मामजवळ कतीफला बर्फाच्या फॅक्टरीत आहे. त्यानं बापाला व्हिजिट व्हिसावर आणलं ते उमऱ्यासाठीच. चाचांनी दम्मामला गाडी पाहिली आणि खिडकीची कड हातानं कुरवाळली. म्हणाले, "हीच ती." तौकीरला नाही म्हणवलं नाही. तेवढ्यात इराक कुवेतमध्ये घुसला आणि सगळंच राहून गेलं. मग लढाई पेटली, विमानं बंद झाली, चाचांची छाती दम्यानं भरून यायला लागली. डॉक्टरनं तौकीरला बाजूला घेऊन सांगितलं, यांचं जे काही राहिलंय ते लवकर उरका. तौकीरला फॅक्टरी सुटेना. म्हणून सून आणि सासरा गाडीत बसले. तौकीरनं बापाला सांगितलं, "अब्बा, रियाधला गाडी बदलायची." आणि मला फोनवर सांगितलं, "पुढं तुझ्या गाडीनं ने. रेल बंद आहे म्हण. म्हाताऱ्याचं मन मोडू नको." तौकीर असा. खोटं गोड करून वाढायचं आणि ताट दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

रियाधच्या अल मलाझ भागातल्या माझ्या दोन खोल्यांत आम्ही खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून बसलेलो. माझी बायको अदिबा गॅसचा मास्क घेऊन चाचांच्या मागं लागली. चाचा म्हणाले, पट्टा डोक्यावरून जातो, चालायचा नाय. घोंगडी खांद्यावर घेतली, पण डोकं उघडं, पाय उघडे.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानातून सुट्टी काढली आणि आज रेल बंद आहे असं सांगून दोघांना माझ्या मोटारीत घालून पहाटे निघालो. शहराबाहेरच्या चेकपोस्टवर शिपायानं कागद पाहिले. चाचांचा व्हिसा संपून महिना झाला होता. वाढवायचं काम कफीलचं, म्हणजे तौकीरच्या अरब हमीदाराचं, आणि कफील लढाईला घाबरून बायकापोरांसह जेद्द्याला पळालेला. पूर्वेकडं त्या धामधुमीत कुणी विचारलं नव्हतं. इथं विचारलं. शिपाई वाईट नव्हता. चाचांचा इहराम बघून त्यानं त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, दुआ मागायला सांगितली आणि गाडी वळवायला लावली.

परत येताना चाचा अजिबात खचले नव्हते. "रस्ता बंद, ठीक हाय," ते म्हणाले. "रेल हाय ना."

"रेल दुरुस्तीला आहे, चाचा."

"होल दुरुस्त. थांबतो मी."

आणि ते थांबले. खोलीत, उघड्या डोक्यानं, लब्बैक म्हणत. रियाधची जानेवारीची थंडी हाडात शिरते. चार दिवसांत ताप चढला, खोकल्यानं पाठ वाकली. व्हिसा नाही म्हणून हॉस्पिटलात न्यायची छाती होईना. फार्मसीवाल्यानं गोळ्या दिल्या आणि म्हणाला, आधी यांना गरम कपडे घाला, टोपी घाला, नाहीतर गोळ्या फुकट.

मी मशिदीतल्या मौलवींना विचारून आलो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आमच्यात यावर वाट आहे. ज्याला मक्क्याची वाट अडवली गेली त्यानं जिथं अडला तिथं बकरा कापावा, केस उतरवावेत आणि इहरामातून मोकळं व्हावं. गुन्हा नाही. मी धावत घरी आलो. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

चाचांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो हुकूम ज्याची वाट अडली त्याला. माझी खय अडली? रेल दुरुस्त झाली की जातलोच मी. वाट असताना बकरा कापला तर अल्लाला काय सांगू?"

मी हात टेकले. आमच्याच खोट्यानं आमचं दार बंद केलं होतं. तौकीरला फोन केला तर तो रडायला लागला आणि म्हणाला, काहीही कर, पण रेलचं सांगू नको, अब्बा त्यावरच जगतायत. मला त्याचा संताप आला, आणि त्याच्याइतकीच माझीही जीभ उचलत नव्हती हे कळून जास्त आला.

त्या रात्री भाबी त्यांच्या उशाशी बसली. तिनं दिवसभर त्यांचे पाय चोळले होते, तळवे काळेनिळे पडलेले. चाचांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"अब्बा," ती म्हणाली, "रेल मक्क्याला जात नाय."

"दुरुस्तीला हाय ना गो."

"दुरुस्तीला नाय. नाहीच. ती मदिन्यापर्यंत आलेली, तिथं संपली. पुढं कधी टाकलीच नाय. आणि तुम्ही आलात ती रेल दुसरी. ती हितंच संपते. दादी जिवंत असतानाच सगळा मोडून गेला. तुम्हाला कुणी बोलला नाय."

चाचा कोपरावर रेटून उठून बसले. मला वाटलं ओरडतील, तौकीरला शिव्या देतील. ते म्हणाले, "दादीला माहीत होता?"

"मना काय माहीत, अब्बा."

"आणि तो भोंगा?"

भाबीनं माझ्याकडं पाहिलं. मीच म्हणालो, "बॉम्बचा होता, चाचा."

त्यांनी डोळे मिटले. "बकरा आण," म्हणाले.

सकाळी बकरा कापला. न्हाव्यानं केस उतरवले. भाबीनं त्यांना बनियन, स्वेटर, मोजे, लोकरी टोपी घातली. ते लहान मुलासारखे हात वर करून देत होते. आठवडाभरात ताप उतरला. फार्मसीवाला म्हणाला, म्हातारा चिवट आहे. तौकीरनं फोनवर पुन्हा पुन्हा भाबीचे उपकार मानले. ती नुसतं हूं हूं करत होती.

फेब्रुवारी संपता संपता लढाई खलास झाली. कफील परतला, व्हिसा वाढला, रस्ते मोकळे झाले. मी पुन्हा सुट्टी काढली, गाडी धुतली, टाकी भरली. भाबीनं बाजारातून नवा इहराम आणला, अदिबानं वाटेसाठी भाकऱ्या केल्या. मी वर जाऊन म्हणालो, "चला चाचा. दिवस मावळेपर्यंत मक्क्यात."

चाचा भिंतीला टेकून बसले होते. "नको," म्हणाले.

मला वाटलं प्रवासाला भ्यायले. म्हटलं, मागच्या सीटवर गादी घातलीय, झोपून चला. मौलवीही म्हणतात, नवी नियत करा, अल्ला कबूल करील.

"माहीत हाय मना. नियत तोंडानं नाय होत, कादिर. आत असावी लागते. आत काय उरला नाय. खोटी नियत घेऊन त्याच्या दारात जाऊ?"

मी खूप बोललो. काय बोललो आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं. शेवटी भाबी पुढं आली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "अब्बा, माझ्यासाठी चला."

चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यात राग नव्हता. तसा तो असता तर बरं झालं असतं.

"तुझ्यासाठी बरा झालो ना गो," ते म्हणाले. "आता आणखी काय करू?"