चपलांची जागा

नमिताने पाय गुडघ्यापर्यंत उचलून फरशीवर आपटला, तशी खुर्चीत बसलेल्या आजीने मान हलवली.

“असा नाय. चिखूल उडंल निसता.”

कोपरखैरण्याच्या सोसायटीचा हॉल दुपारी दोन तास मिळाला होता. रविवारी वाशीला नमिताचा नाच होता. पणजी, आजी, आई आणि ती, चौघींची गोष्ट ती एकटी नाचणार होती. पणजी आणि आजी सगुणा द्रोणागिरीकडच्या मिठागरात राबलेल्या. पावसाळा सरला की मिठाचे वाफे पायांनी तुडवून घट्ट करायचे, मगच खाडीचं पाणी आत घ्यायचं. ही तुडवणी शिकवताना सगुणाने नातीला एक अट घातली होती. आईच्या भागात चिखल दाखवायचा नाही. लेकीने मिठागरात पाऊल टाकलं नाही, एवढी एकच गोष्ट ती आयुष्यभर अभिमानाने सांगत आली होती. म्हणून आईचा भाग आला की नमिता पायांत चपला घालायची. त्यापुढे तिला काही सुचत नव्हतं.

“माझं काय दाखवणार? बस पकडली, हाफ डे टाकला,” सुचिता म्हणाली. लेकीच्या तालमीसाठी ती तुर्भ्याच्या ऑफिसातून लवकर निघून आली होती.

सगुणा उठली. एकटीने कुणी तुडवत नाही, पाय सरकतो, एकमेकींच्या कमरेला धरून रांगेत उभं राहायचं, असं बजावत तिने नातीला डावीकडे घेतलं आणि लेकीला उजवीकडे बोलावलं.

“मला कुठे येतंय, आई.”

“उबी र्‍हा निसती. मान्साला मानूस लागतं.”

सुचिताने चपला भिंतीशी काढल्या. सगुणाने तोंडाने ताल धरला. टाच आधी, मग पाऊल आडवं घासायचं, भार शेवटी. नमिता दोनदा चुकली. तिचा पाय बघायला सगुणाने मान खाली घातली आणि तिची नजर उजवीकडे गेली.

सुचिताची टाच आधी टेकत होती. पाऊल आडवं घासत होतं. आणि शेवटी अंगठा आत वळत होता. अंगठ्याचं सगुणाने कुणालाच शिकवलं नव्हतं. तसा पाय फक्त सगुणाच्या आईचा, नमिताच्या पणजीचा पडायचा.

ताल थांबला. सुचिताचं पाऊल आणखी एकदा पडलं.

“दिवाळीच्या सुट्टीत,” ती खाली बघत म्हणाली. “तू बाजाराला गेलीस की आजी मला मिठागरात न्यायची. घरी यायच्या आधी विहिरीवर माझे पाय धुवायची.”

लेकीच्या कमरेवरचा हात सगुणाने काढला नाही.

“नमे, त्या चपला काढून टाक नाचातून.”

“मग आईचं काय दाखवू?”

सगुणाने पुन्हा ताल धरला. दोन पावलं झाल्यावर म्हणाली,

“माझ्याकडं नको बगू. तिचा अंगठा बग.”