भिंतीची धर्ममाता

गवंडी निवडायचा म्हणून एर्लिंदाबाई आधी गवंड्यांची घरं बघून आल्या. आमच्या सान मातेओत सकाळी गवंडी चर्चच्या भिंतीला टेकून बसलेले असतात, थापीची मूठ पिशवीतून बाहेर दिसेल अशी. ज्याला माणूस हवा त्यानं जावं, बोट दाखवावं, घेऊन यावा. एर्लिंदाबाईंना असं आंधळं बोट दाखवणं मंजूर नव्हतं. पहिल्या गवंड्याचं घर त्यांनी पाहिलं ते गिलावा केलेलं, रंग दिलेलं, वर नक्षीचा कठडा. तिथून त्या तडक माझ्या दुकानात आल्या.

"कोंपाद्रे, गवंड्याचं स्वतःचं घर पुरं झालेलं तू कधी पाहिलंयस?"

"हात चांगला असेल त्याचा."

"असेल ना! पण विटा कुणाच्या?"

मी विटा, सिमेंट, पत्रे, सळ्या, खिळे आणि तार विकतो, सणासुदीला रंगीत कागदही. त्यांच्या मधल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला हातावर घेऊन मी उभा होतो. तेव्हापासून मी त्यांचा कोंपाद्रे आणि त्या माझ्या कोमाद्रे. या नात्यात भांडता येतं, पण ते तोडता येत नाही. म्हणून माल त्या माझ्याकडूनच घेतात, आणि सिमेंटची प्रत्येक गोणी माझ्यादेखत दाबून बघतात.

शेवटी फाउस्तिनो मिस्त्री ठरला. त्याच्या घराला गिलावा नव्हता, वर पत्रा होता आणि पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड. "हा चोर नाही," एर्लिंदाबाई म्हणाल्या, "आणि असलाच तर आळशी चोर आहे. परवडेल."

काम एका भिंतीचं होतं. बापानं जाताना घर दोन्ही मुलींना अर्धं अर्धं दिलं, पण परसात रेघ ओढायचं राहून गेलं. थोरली एर्लिंदा, धाकटी ओदिलिया, मधे निवडुंगाची रांग. दोघींचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते आता दोघींनाही धड सांगता येत नाही, पण बंद ठेवायचं मात्र दोघी विसरत नाहीत. त्यात ओदिलियाच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याला खोली हवी झाली. खोलीसाठी तिनं माझ्याकडे पत्रे सांगितले, विटाही सांगितल्या. विटा तीनच भिंतींच्या होत्या. चौथी भिंत कुठून येणार हे मी विचारलं नाही. गिऱ्हाईक कमी माल मागतं तेव्हा उरलेला त्यानं कुठेतरी हेरून ठेवलेला असतो.

एर्लिंदाबाईंनीही ते हेरलं होतं. "माझ्या भिंतीवर तिचा एक जरी वासा टेकला ना कोंपाद्रे, तर मी भिंत बांधली नाही, तिच्या सुनेच्या खोलीची पाठ बांधली." म्हणून त्यांनी पाया वीतभर आपल्या जमिनीत आत घेतला. म्हणजे भिंत सगळी त्यांची आणि वासा टेकवायचा हक्क कुणाचा नाही.

फाउस्तिनो सूत ताणून, ओळंबा सोडून काम करी. बाई खुर्ची टाकून घेवडा निवडत समोर बसत. निवडणं घेवड्याचं आणि डोळा भिंतीवर. भिंत छातीपर्यंत आली आणि तीत ओळीनं भोकं दिसायला लागली.

"ही कशाला?"

"परांचीला, बाई. यात लाकडं घालायची, त्यावर फळी, फळीवर मी. उतरताना बुजवत येईन."

"पलीकडे उघडतात?"

"भोक आहे बाई. आरपारच असणार."

"अगदी वाशाएवढं आहे."

"लाकडाएवढं आहे."

"वासा काय लोखंडाचा असतो?"

फाउस्तिनो हसला. ते हसणं बाईंना आवडलं नाही. संध्याकाळी त्यांनी प्रत्येक भोकात चिंध्या कोंबल्या. सकाळी बघतात तर चिंध्या खाली पडलेल्या, आणि पडलेल्या त्यांच्याच बाजूला.

"वारा असेल," मी म्हणालो.

"वारा ओदिलियाच्याच अंगणातून सुटतो काय रे?"

मग आणखी एक गोष्ट निघाली. दुपारी फाउस्तिनो फाटकातून वळसा घालून पलीकडे जाई आणि मिशा पुसत परत येई. बाईंनी त्याला माझ्या दुकानाच्या दारातच गाठलं.

"काय मिस्त्री, दोन चुलींवर जेवताय म्हणे?"

"पलीकडच्या अंगाचे सांधे भरायला पलीकडे जावंच लागतं, बाई. तिथे कुणी मक्याची गरम तोर्तिया पुढे केली तर काय डोळे मिटून घेऊ?"

"मी जेवायला घालते ना तुम्हाला?"

"घालता की. कालच्या घेवड्याच्या रश्शात मी खूप शोधलं. रस्सा फार चांगला होता."

एवढं बोलायची हिंमत गवंड्याला फुकट येत नाही, ती कुणीतरी पुरवावी लागते, असं बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

एवढ्यात तीन मे आली. तीन मे गवंड्यांची. त्या दिवशी आमच्याकडे कुणी विटेवर वीट ठेवत नाही. गवंडी लाकडाचा क्रूस करतात आणि बांधकामाच्या सगळ्यात उंच जागी उभा करतात. घराचा मालक त्याला कागदाची फुलं आणि झिरमिळ्या नेसवतो, गवंड्यांना मिरच्यांच्या दाट रश्शातलं कोंबडी-टर्कीचं मोले, भात, बिअर देतो, फटाके सोडतो. जो क्रूस नेसवतो तो त्या क्रूसाचा धर्मपिता, आणि बाई असेल तर धर्ममाता. दुसऱ्या कुणी नेसवला तर तो मालकाचा कोंपाद्रे होतो, आणि हे नातं बाप्तिस्म्याइतकंच पक्कं.

फाउस्तिनो क्रूसाला खिळे घ्यायला आला तेव्हा एर्लिंदाबाई दुकानातच होत्या.

"मोले भिंत झाल्यावर," त्या म्हणाल्या. "भोकं बुजवा, मी कोंबडी कापते."

"भोकं शेवटी बुजतात, बाई. आणि तारीख काही माझ्या थापीवर चालत नाही."

"मग तुमची तारीख तुम्हीच साजरी करा."

मी मधे पडलो. "कोमाद्रे, क्रूसाला उपाशी ठेवू नये."

"क्रूस जेवत नाही, एवारिस्तो. जेवतो तो हा."

फाउस्तिनोनं खिळे खिशात टाकले, टोपीला हात लावला आणि गेला. ना रागावला ना आर्जव केलं. ज्याला जेवण नाकारलं तरी जो भांडत नाही त्याची पंगत दुसरीकडे मांडलेली असते, हे मला दिसलं. बाईंना रागात दिसलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. तीन मेला फाटकाला कुलूप लावायचं, किल्ली घेऊन आत्लिस्कोला लेकीकडे जायचं. अंगणात कुणी पाऊलच टाकू शकलं नाही तर क्रूस कुठला आणि मोले कुठलं? इतके दिवस त्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूवर नजर ठेवून होत्या, आणि नेमक्या त्या दिवशी भिंतीला पलीकडची बाजू असते हे विसरल्या.

ओदिलियाच्या अंगणात सगळी वस्ती जेवली. मीही गेलो. माझ्या दुकानाची अर्धी उधारी तिथे पंगतीला बसली होती, न जाऊन कसं चालेल? मोले उत्तम होतं. पण मोले एका सकाळी होत नाही. मिरच्या आदल्या दिवशी भाजाव्या लागतात, आणि तो ठसका मला आदल्या दिवशी लागला होता. शिवाय टर्की. ती टर्की ईस्टरपासून ओदिलियाच्या पेरूच्या झाडाला बांधलेली मी स्वतः पाहिली होती, आणि थोरलीनं नकार दिला तो परवा. लग्नासाठी असेल, असं मी मनाशी म्हणालो आणि आणखी भात घेतला.

क्रूस शिडीवरून ओदिलियाच्याच बाजूनं चढला. गुलाबी आणि निळा कागद तिनं नेसवला. चर्चच्या कारभाऱ्यानं पेला उचलला, "भिंतीच्या धर्ममातेला!" आणि सगळे ओरडले.

ऊन कलल्यावर एर्लिंदाबाई बसमधून उतरल्या, कुलूप काढून अंगणात गेल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांच्या भिंतीवर क्रूस होता, आणि त्याची पाठ त्यांच्याकडे होती. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि भिंतीवरून ओदिलियाचं डोकं वर आलं. कित्येक वर्षांनी ती बहिणीशी पहिलं वाक्य बोलली.

"ये ना, कोमाद्रे. मोले उरलंय."

ताई नाही, एर्लिंदा नाही, कोमाद्रे! वस्तीसमोर, साक्षीदारांची बोटं अजून रश्शात असताना.

"माझी जमीन आहे!" एर्लिंदाबाई भिंतीवरून कारभाऱ्यावर ओरडल्या. "माझ्या विटा आहेत!"

"तुझ्याच आहेत, बाई. नाही कोण म्हणतंय?" कारभारी दात कोरत म्हणाला. "पण धर्ममातेला एक वासा टेकू देणार नाही, असं आजवर सान मातेओत कुणी म्हटलेलं नाही. तू म्हण. आम्ही सगळे ऐकतो."

सगळे खरंच ऐकायला थांबले. एर्लिंदाबाई वळून घरात गेल्या. क्रूसाला हातही लावता येत नव्हता. ज्यानं क्रूस उतरवला त्याच्या दारात आमच्याकडे पुन्हा गवंडी येत नाही.

दुसऱ्या दिवशी फाउस्तिनोनं वरचे थर पुरे केले आणि कबूल केल्याप्रमाणे एकेक भोक बुजवत खाली आला. हात फिरवला तरी कळू नये असं बुजवलं. बाईंनी अंबाड्यातली सुई काढून ओल्या मालात खुपसली. थोडी आत गेली आणि मग सुळकन आणखी आत गेली.

"मिस्त्री, मागे पोकळ आहे!"

"पलीकडून भरायचं राहिलंय, बाई."

"कधी भरणार?"

"ती बाजू ओदिलियाबाईंच्या अंगणात येते. त्या म्हणतील तेव्हा. तुम्ही जाऊन विचारा ना, कोमाद्रे आहात."

बाई गेल्या नाहीत. महिना संपायच्या आत भोकं भरली गेली, पण वाशांनी. लग्न झालं, नवी सून नव्या खोलीत आली, आणि रात्री तिचं हसणं एर्लिंदाबाईंच्या अंगणापर्यंत ऐकू यायला लागलं.

मग एक दिवस त्या दुकानात आल्या.

"कोंपाद्रे, विटा हव्यात. मागच्या वेळेइतक्याच."

"आता आणखी काय बांधताय?"

"भिंत."

"झाली की भिंत."

"ती ओदिलियाची झाली. मला माझी बांधायची आहे. तिच्या अलीकडे, वीतभर जागा सोडून."

"आणि गवंडी?"

"फाउस्तिनो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"बघतोस काय? नवा गवंडी आणला तर तो काय खातो हे शोधण्यात आणखी एक भिंत जाईल. याचं मला कळलंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "क्रूसाचा कागद काढ. जांभळा दे."

"कोमाद्रे, तीन मे गेली. आता पुढच्या वर्षी."

"माझ्या कपाटात राहील. तुझ्याकडे राहिला तर तू कुणालाही विकशील." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि टर्कीचं पिल्लू कुठे मिळेल?"

ही भिंत फाउस्तिनोला महिन्याभरात सहज पुरी करता आली असती. पण कधी सूत तुटतं, कधी वाळू जाड येते, कधी त्याची पाठ धरते. परवा तो दोरा घ्यायला आला. भिंत अजून गुडघ्याएवढीच आहे. मी विचारलं, "काय मिस्त्री, एवढा वेळ?"

"घाई करून चालत नाही," दोरा बोटाला गुंडाळत तो म्हणाला. "टर्की अजून लहान आहे."