नकाशात नसलेली खोली

मित्रांनो, जुनी म्हणून मिरवावं इतकं माझं वय नाही. मी चिऱ्याची, वर स्लॅब असलेली एक खोली आहे. रेवदंड्याच्या अलीकडे खाडीकाठच्या एका सुपारीच्या वाडीत शरच्चंद्र गुरुजींचं कौलारू घर आहे. त्याच्या मागच्या अंगाला मी बिलगून उभी आहे. आज आहे. उद्या दयाराम गवंडी पहार घेऊन येणार, म्हणून माझी कहाणी आजच सांगून टाकते.

गुरुजींचा मुलगा सलिल दहावीत गेला, त्या वर्षीचा माझा जन्म. घर लहान, पाहुणे फार, आणि पोराला अभ्यासाला कोपरा नाही. शाळेत गणित शिकवणाऱ्या गुरुजींनी पायाची दोरी स्वतः धरली. दयारामने विचारलं, "गुरुजी, परवानगीचा कागद झाला का?"

"होतंय रे. तू पाया घे."

गुरुजींच्या पत्नी अनुसूयाबाई चहा घेऊन आल्या होत्या. बाई इतक्या हळू बोलतात, की कपबशीचा आवाजही त्यांच्याहून मोठा वाटावा. त्यांनीही तेच विचारलं. "अहो, माझे देव तिथे बसायचेत. परवानगी आली ना?"

"आली," गुरुजी म्हणाले.

तेव्हा माझा पायाही पुरता भरला नव्हता. मला ते खरंच वाटलं.

मग वास्तुशांत झाली. भटजींनी आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून वास्तुपुरुषाची प्रतिमा ठेवली आणि वर फरशी बसली. पोटात वास्तुपुरुष असला, की घरात जे बोललं जाईल त्याला वास्तू 'तथास्तु' म्हणते, असं आमच्याकडे मानतात. मानतात काय, मी म्हणतेच. मला तेवढा एकच शब्द येतो. म्हणून अनुसूयाबाई माझ्यात कोणाला वाकडं बोलू देत नसत. सलिल एकदा कंटाळून म्हणाला, "नापास होणार मी."

"शब्द मागे घे. पास होईन म्हण."

"बरं बाई, पास होईन."

मी मनापासून तथास्तु म्हटलं. तो पास झाला. सगळ्यात कमी गुण गणितात पडले, ते मात्र माझ्या हाती नव्हतं.

ते दिवस फार गोड होते. पहाटे बाई देवांपुढे दिवा लावत. चातुर्मासात माझ्या जमिनीवर रोज गोपद्मं काढत. ताप असो, पाहुणे असोत, त्यांचा नेम चुकला नाही. घरपट्टीत माझीही भर पडली होती. "घरपट्टी घेतात, म्हणजे नोंद झालीच की," असं गुरुजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते पटलं असावं.

निसर्ग वादळ आलं तेव्हा पुढच्या घराची कौलं पत्त्यांसारखी उडाली. माड आडवे झाले. सगळं घर माझ्यात येऊन बसलं, शेजारची म्हातारी आणि तिची शेळीसुद्धा. मी हलले नाही. वारा निवल्यावर गुरुजींनी माझ्या भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, "ही आपली सगळ्यात भक्कम खोली." ती थाप मी जपून ठेवली होती.

पुढे गुरुजींचे गुडघे दुखू लागले, वाडी आवरेना. सलिल पनवेलला. घर विकायचं ठरलं. ठाण्याहून मृणाली आणि धनेश हे जोडपं बघायला आलं. त्यांना मीच सगळ्यात आवडले. मृणाली तर माझ्या खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "इथे माझं टेबल." तथास्तु, मी लगेच म्हटलं.

दुसऱ्या खेपेला त्यांच्यासोबत बँकेचा इंजिनिअर आला. त्याने मंजूर नकाशा उलगडला आणि माझ्याकडे बघितलं.

"ही मागची खोली नकाशात नाही."

गुरुजी माझ्यातच उभे होते. ते म्हणाले, "खोली कसली? शेड आहे ती. लाकूडफाट्यासाठी तात्पुरती केलेली. पाडून टाकू."

इंजिनिअरने भिंतीवर बोटाने टकटक केलं. "चिऱ्याची शेड? वर स्लॅब?"

"ठाण्यात अशी शेड मिळाली तर आम्ही जन्मभर राहू," धनेश म्हणाला. कोणी हसलं नाही.

पाडून टाकू. हे माझ्यात उभं राहून बोलले गुरुजी. ज्यांनी दोरी धरली, ज्यांनी थाप मारली, त्यांनीच. आणि मला एकच शब्द येतो. मी तथास्तु म्हटलं.

व्यवहारासाठी पनवेलहून आलेला सलिल आईच्या कानाशी लागला. "आई, तू फक्त हो म्हण. नाहीतर सगळं अडकेल."

बाई देवांपुढची वात सारखी करत होत्या. त्या म्हणाल्या, "शेडीत वास्तुपुरुष पुरतात का रे?" मग मृणालीकडे वळल्या. "ही खोली आहे, बाळ. आम्ही बांधली. परवानगी आहे असं मला सांगितलं होतं. नव्हती, हे आज कळलं."

"अनुसूया, पाहुण्यांसमोर..."

"त्यांच्यासमोरच. घर त्यांना घ्यायचंय."

इंजिनिअरने सांगितलं, खाडीच्या इतक्या जवळ आता परवानगी मिळायची नाही. खोली काढली तरच कर्ज होईल. मृणालीने खिडकीच्या गजांवरून हात फिरवला आणि ती बाहेर गेली.

संध्याकाळी गुरुजी म्हणाले, "तेव्हा अर्ज केला असता तर वर्ष गेलं असतं. पोराची दहावी होती."

"मी तिथे रोज गोपद्मं काढली, अहो," बाई म्हणाल्या. "रोज. एकदा तरी सांगायचं होतंत."

गुरुजी उठले आणि दयारामला निरोप द्यायला बाहेर पडले.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. खोली बांधाल तर आधी तिची रीतसर परवानगी घ्या. आणि जिने वादळात सांभाळलं, तिला अडचणीच्या वेळी शेड म्हणू नका. घर ऐकत असतं.

आज सकाळी बाईंनी देव ताम्हणात घेतले. माझ्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. दयाराम कोपऱ्यातली फरशी बघून गेला. "वैनी, ही काय पटकन पडाची न्हाय," तो म्हणाला. गुरुजी दारापर्यंत आले, आत आले नाहीत.

बाईंनी भिंतीवर हात ठेवला. मी वाट बघत होते. काही तरी बोला, बाई. काहीही, चांगलं.

त्या हळूच म्हणाल्या, "कोणी कधी हिची आठवण काढली, तर खोली म्हणूनच काढू दे."

तथास्तु.