नाव नसलेल्या बेडकाची बरणी

मित्रांनो, मी लिंबाच्या लोणच्याची एक जुनी बरणी आहे. बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या एका प्रयोगशाळेत फळीवर उभी असते. त्या दिवशी शिपाई महांतेशने फोन ठेवला आणि भव्याला म्हणाला, "मॅडम, नीलिमाअक्का गेल्या." मग फडकं घेऊन तो मला पुसत बसला. मी स्वच्छच होते.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. पुढे वासुदेवराव आणि त्यांची बायको नीलिमाबाई यांच्या स्वयंपाकघरात माझे दिवस चांगले गेले. बाई बेडकांवर संशोधन करायच्या. एका पावसाळ्यात बाईंनी मला धुऊन पिशवीत टाकलं.

"अगं, लोणच्याच्या बरणीत बेडूक?" वासुदेवराव म्हणाले.

"तू आता चटणी खा," बाई हसल्या.

देवनहळ्ळीच्या तळ्यावरचा तो अंगठ्याएवढा बेडूक तेव्हापासून माझ्यात, स्पिरिटमध्ये आहे. दिसायला नेहमीच्या बेडकासारखाच, पण त्याची हाक वेगळी होती. नेहमीच्या बेडकांच्या माद्या त्या हाकेकडे फिरकत नव्हत्या. बाई भव्याला, आपल्या विद्यार्थिनीला, सांगायच्या, "रूप सारखं म्हणून जात एक होत नाही. कुणाच्या हाकेला कोण ओ देतं, ते बघायचं."

पेशींमधला डीएनए तपासला, तर फरक निघाला, पण थोडा. तेवढा एका जातीतही असतो. नवी जात म्हणायला आवाजाचा पुरावा हवा होता. बाई पुन्हा तळ्यावर जाणार होत्या, पण आजारी पडल्या. तोवर तळं बुजवून तिथे प्लॉट पाडले.

आता तो आवाज फक्त वासुदेवरावांच्या फोनमध्ये आहे. तळ्यावर बाईंच्या हातात बॅटरी होती, म्हणून हाक रेकॉर्ड करायला फोन वासुदेवरावांनी धरला होता. ते अधूनमधून येतात आणि माझ्यासमोर बसतात.

"काका, आज देताय ना?" भव्या विचारते.

"त्यात ती बोलतेय गं. मी मध्येच काहीतरी बडबडलो, तर म्हणते, 'गप्प बस ना वासू.' मग हसते."

"तुम्ही ऐकू नका. बाहेर बसा, मी एकटी ऐकते."

"सरी, बरं," म्हणत ते फोन काढतात. त्यावर बोट ठेवतात. मग तो पुन्हा खिशात जातो. महांतेश न विचारता चहा आणतो.

मित्रांनो, माझं झाकण घट्ट लावत जा. स्पिरिट आटू देऊ नका. मी त्याला आणखी पुष्कळ दिवस सांभाळू शकते.

ती हाक अजून भव्याने ऐकलेली नाही. बेडकाला अजून नाव नाही.