पाव तास पुढे

मित्रांनो, मी लंबकाचे, किल्लीवर चालणारे एक जुने घड्याळ आहे. बदलापूरच्या एका फ्लॅटमध्ये, फ्रिजशेजारच्या भिंतीवर माझा मुक्काम असतो. माझा जन्म मात्र उल्हासनगरचा. पेटी एका गाळ्यात तयार झाली, यंत्र दुसऱ्या गाळ्यात बसवले गेले. सुंदराबाई अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा सोबतच्या बायकांनी मला त्यांच्या हाती दिले. तेव्हाही कोणीतरी म्हणालेच, की उल्हासनगरचा माल, वर्षभर टिकला तरी पुष्कळ. मी नुसते ऐकून घेतले.

पण मी टिकले. सुंदराबाई दर रविवारी स्टुलावर चढून मला किल्ली द्यायच्या. कारखान्याच्या भोंग्यावर त्यांचे आयुष्य गेलेले. त्या कुठेही वेळेआधी पोहोचायच्या आणि उशिरा येणाऱ्याशी नीट बोलायच्या नाहीत. शेजारच्या पद्मजाताई तर माझे ठोके ऐकून कुकर लावायच्या. काय सुखाचे दिवस होते ते!

मग सुंदराबाईंचा मुलगा मिलिंद दुबईहून लग्न करून आला. बायको मारिसेल, फिलिपिन्सची. दोघे तिकडे एकाच हॉटेलात कामाला होते. पहिल्याच संध्याकाळी ती हसत हसत, मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, की तिच्या देशात कोणी उशिरा आले की लोक आपलीच थट्टा करतात, 'फिलिपिनो टाइम' म्हणतात. सगळे हसले. सुंदराबाईंनी मात्र ते शब्द मनात ठेवून दिले.

थोड्याच दिवसांनी मिलिंदच्या बहिणीने, यशोधराने, सगळ्यांना अंबरनाथला जेवायला बोलावले. मारिसेल तयार होती, तरी निघेना. कधी केस विंचरी, कधी ओटा पुन्हा पुसे. पोहोचायला उशीर झालाच. दुसऱ्या दिवशी सुंदराबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी माझा काटा पाव तास पुढे ढकलला.

"तिच्या देशातच वेळेची सवय नाही," त्या मिलिंदला म्हणाल्या. "आता आपणच उपाय करायचा."

मित्रांनो, खोटे ठोके देताना मला फार लाज वाटायची. मारिसेलबद्दल वाईटही वाटायचे. जन्मगावावरून बोल लावला की कसे वाटते, ते मला ठाऊक होते.

पुढे मिलिंद नोकरीसाठी पुन्हा दुबईला गेला. घरात सासूसून दोघीच उरल्या. त्या हिवाळ्यात सुंदराबाईंच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. वर काळा चष्मा, दुसऱ्या डोळ्यालाही धूसरच दिसायचे. डोळ्यात थेंब अगदी वेळेवर घालायचे होते. माझे ठोके पडले की सुंदराबाई मान मागे टाकून वाट बघत बसायच्या. मारिसेल यायची ती बऱ्याच वेळाने. थेंब घालायची, गालावर ओघळलेले पाणी हलक्या हाताने टिपायची. रोज असेच.

यशोधरा भेटायला आली, तेव्हा सुंदराबाईंना राहवले नाही. माझा डोळा गेला तरी हिला फिकीर नाही, मला तुझ्याकडे घेऊन चल, असे त्या म्हणाल्या. कपड्यांची पिशवीही त्यांनी भरायला लावली.

पिशवी भरून होते तोच मी ठोके दिले. यशोधराने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या मोबाइलकडे. ती थांबून राहिली. पुष्कळ वेळाने स्वयंपाकघरात मारिसेलचा अलार्म वाजला आणि लगेच ती औषधाची बाटली घेऊन बाहेर आली.

"आई," यशोधरा हळूच म्हणाली, "ती वेळेवरच येतेय. घड्याळ पुढे आहे. मिलिंद म्हणाला होता, तूच केलं होतंस ना?"

सुंदराबाई ते पार विसरून गेल्या होत्या. त्यांनी विचारले, "मारिसेल, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"घड्याळ तुमचं आहे, आई. तुम्हाला राग आला असता."

त्या दिवशी यशोधराकडे जेवायला जाताना उशीर का केला, तेही सुंदराबाईंनी विचारले. मारिसेल गोंधळली. मग तिने सांगितले, की तिच्या गावी बोलावल्या वेळेला दारात उभा राहणारा पाहुणा हावरा वाटतो. घरच्या बाईला जरा सवड द्यावी म्हणून मुद्दाम थांबतात. तिला वाटले, इथेही तसेच असेल.

"मला तर बरंच झालं होतं," यशोधरा म्हणाली. "तुम्ही आलात तेव्हा मी पोळ्याच लाटत होते."

सुंदराबाईंनी डोळे पुसायला चष्म्याखाली हात नेला. मारिसेलने तो मध्येच धरला. डोळ्याला हात लावायचा नव्हता ना! यशोधराने पिशवी रिकामी केली. संध्याकाळी सुंदराबाईंनी मारिसेलला स्टुलावर चढवले आणि माझी किल्ली तिच्या हातात दिली.

"नीट लाव," एवढेच त्या म्हणाल्या.

आता सुंदराबाई नाहीत. मिलिंद परत आला आहे. मारिसेल मला किल्ली देते, कधी विसरतेही. मित्रांनो, आम्हा जुन्या घड्याळांना तुमच्याकडून फार काही नको. वेळच्या वेळी किल्ली द्या, अधूनमधून तेल घाला. आणि कोणी उशिरा आले, तर त्याचा गाव आणि देश काढण्याआधी त्याला एकदा विचारा, का रे, काय झालं? सुंदराबाईंना हे विचारायला फार उशीर लागला. विचारल्यावर मात्र दोघींच्या गप्पा इतक्या रंगू लागल्या, की मी वर टोले देत राहायचे आणि खाली ते कोणाला ऐकूच जायचे नाहीत.