एका हातानं काटलेला कॅट

अकरा वर्षांत योक पेंगचे हात जेवढ्या लोकांनी पाहिले, तेवढ्यांनी तिचं तोंड पाहिलं असतं तर ती सिंगापुरातली नामांकित बाई झाली असती. ती कॅसिनोत पत्ते वाटायची. टेबलाच्या पलीकडे बसलेली माणसं तिच्या बोटांवर डोळे लावून असत, छतातले कॅमेरे बोटांवर, मागे उभा असलेला मॅनेजर क्वेक तोही बोटांवर. मान वर करून तिच्याकडे बघायची गरज कोणालाच पडत नसे. हरलेला माणूस कधीमधी बघे, पण त्या बघण्याला बघणं म्हणायचं तर डास मारण्याला ओळख म्हणावं लागेल.

आणि एवढं निरखून बघितल्या जाणाऱ्या त्या बोटांनी करायचं काय? पत्ता सरकवायचा, उलटवायचा, गोळा करायचा. प्रत्येक डाव संपला की तळव्यावर तळवा घासून दोन्ही हात छताकडे उघडे करून दाखवायचे, की बघा बाबांनो, लपवलेलं काही नाही. हौस म्हणून एक पत्ता जरी बोटांत फिरवला तरी नोकरीवर गदा. नोकरी गेली की कामाचं परमिट गेलं, आणि परमिट गेलं की मलेशियात, इपोहला भावाच्या घरातली मागची खोली. तिथे भावजय जेवायला वाढताना भांडी जरा जोरात ठेवते. त्यामुळे योक पेंगनं अकरा वर्षं बोटांना वळण लावून ठेवलं होतं.

ती शहराच्या बेडोक भागात गेक आंटींच्या फ्लॅटमध्ये आठव्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेऊन राहायची. एका शनिवारी सकाळी ती बाजारातून भाजी आणि माशाचे गोळे घेऊन येत होती. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलाभोवती कॉलेजातली पाच-सहा पोरं-पोरी बसली होती. बारीक केस कापलेल्या एका मुलीच्या डाव्या हातात पत्त्यांचा कॅट होता. तिनं उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हातातला कॅट आपोआप उघडला. खालचा अर्धा भाग वर गेला, वरचा खाली आला, आणि मिटला. ती मुलगी तेव्हा मैत्रिणीशी परीक्षेबद्दल बोलत होती, हाताकडे तिचं लक्षही नव्हतं.

योक पेंग पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिली. पत्त्यांना असंही वागवता येतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"आंटी, हा जुगार नाही हां," त्या मुलीचं लक्ष गेलं. "पैसे नाही लावलेत. खरंच."

"बघ, तुला म्हटलं होतं कोणीतरी येणार ओरडायला," दुसरा पुटपुटला.

"नाही, मी... मला..." योक पेंगच्या तोंडून शब्द निघेपर्यंत पत्ते दप्तरात गेलेसुद्धा.

"चाललो आंटी, चाललो. पोलिसांना नका सांगू."

पोरं हसत निघून गेली. पुढच्या शनिवारी ती मुद्दाम खाली जाऊन बसली, त्याच्या पुढच्याही. टेबल रिकामंच होतं. त्यांनी दुसरी इमारत शोधली असणार. तिला एवढंच विचारायचं होतं, की हे पुन्हा एकदा करून दाखवशील का.

शेवटी तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून एक कॅट विकत घेतला. दुकानदार म्हणाला, "चिनी नववर्षाला अजून चार महिने आहेत की! आत्तापासून पाहुण्यांशी पत्ते खेळायची तयारी?"

"हो," ती म्हणाली. नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं.

पुढचं तिला मोबाइलमधल्या एका व्हिडिओनं शिकवलं. कॅट डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर उचलून धरायचा. अंगठा एका लांब कडेला, मधली दोन बोटं समोरच्या कडेला, करंगळी मागून आधाराला. अंगठा किंचित सैल केला की खालचे अर्धे पत्ते तळव्यात उतरतात. मग पहिल्या बोटानं त्यांना खालून ढकलत ढकलत अंगठ्यापर्यंत उभं करायचं. वरचे अर्धे त्यांच्या पाठीवरून खाली घसरतात, आणि कॅट मिटवायचा. नवशिक्यांनी सुरुवात इथूनच करायची, पलंगावर बसून करायची म्हणजे पडलेले पत्ते गोळा करताना कंबर मोडत नाही, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला.

अकरा वर्षं पत्ते हाताळलेल्या बाईला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ. पहिल्याच फटक्यात बावन्नच्या बावन्न पत्ते चादरीवर! एक बदामची राणी तेवढी अंगठ्याला चिकटून राहिली. दहाव्यांदा तेच, विसाव्यांदाही तेच. तिचा हात लहान, कॅट जाड, आणि पहिलं बोट ढकलायच्या ऐनवेळी आखडून बसे. दर वेळी पत्ते पडले की तिचे हात सवयीनं एकमेकांवर घासले जात आणि छताकडे उघडे होत. छतात पंखा होता. त्याला काय दाखवायचं, असं मनाशी म्हणून ती स्वतःवरच चिडे.

मग तिनं अर्धाच कॅट घेतला. दोन आठवड्यांनी त्यात पाच पत्ते वाढवले, मग आणखी पाच. गेक आंटी दुपारी लेकीकडे गेल्या की ही पलंगावर मांडी घालून बसायची. अंगठ्याच्या बाजूला घट्टा पडला. सातव्या आठवड्यात पूर्ण कॅट दहातून चारदा मिटू लागला. आणि तेव्हा एक गोष्ट ती रोज ठरवायला लागली: दहातून नऊदा जमलं, की एका शनिवारी ती पोरं कुठे बसतात ते शोधून काढायचं. बोलायचं काही नाही, बोलणं आपल्याला जमत नाही. नुसतं समोर बसायचं आणि डाव्या हातानं कॅट काटायचा. पुढे काय होईल हे ती कल्पनेत रोज थोडं थोडं वाढवत न्यायची. त्यात ती बारीक केसांची मुलगी "आंटी, परत करा ना," म्हणायची.

पण घात झाला तो कामावर.

पाळी सुरू होताना टेबलावर नवे कॅट फोडून तपासायचे असतात. त्या दिवशी तपासलेला कॅट योक पेंगच्या डाव्या हातात होता आणि क्वेक कागदावर सही करत होता. ती वाट बघत उभी होती. तेवढ्यात तिच्या हातानं, तिला न विचारता, कॅट काटला. अख्खा, एकही पत्ता न सांडता. क्वेकनं मान वर केली तेव्हा कॅट मिटला होता. टेबलापाशी निळ्या शर्टातला एक अनोळखी माणूस येऊन बसला होता, तो चष्मा पुसत होता. कोणाच्याच लक्षात आलं नाही. योक पेंगनं मात्र कॅट पटकन टेबलावर ठेवला.

आणि नशीब बघा, तोच निळ्या शर्टवाला त्या दिवशी लागोपाठ अकरा डाव जिंकून उठला.

दुसऱ्या दिवशी त्या टेबलाचं चित्रण तपासलं गेलं आणि तिचा बिल्ला आणि मोबाइल काढून घेतला. वरून नजर ठेवणाऱ्या विभागाचं म्हणणं सरळ होतं: ही खूण होती. खूण कोणाला, हे शोधायचं. तीन दिवसांनी सकाळी तिला बिनखिडकीच्या खोलीत बोलावलं. चौकशीला हमीदा नावाची बाई होती, डोक्याला राखाडी रुमाल, आवाज अगदी मऊ. क्वेक कोपऱ्यात बसला होता. बिचारा भला माणूस, त्याच्याच कपाळावर जास्त घाम होता.

"निळा शर्ट कोण?" हमीदानं विचारलं.

"मला नाही माहीत, मॅडम."

"मग हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. व्हिडिओ बघून शिकले."

"सरावाला कोण असायचं सोबत?"

"कोणी नाही."

"कोणी तरी बघितलं असेल ना? बहीण, मैत्रीण, शेजारीण? एवढं शिकायचं आणि कोणाला दाखवायचं नाही, असं कसं होईल?"

त्या पोरांची आठवण तिच्या अगदी ओठांवर आली. खाली काही मुलं बसतात, त्यांची-माझी ओळख आहे, एवढं म्हणावंसं वाटलं. खोटंच, पण एकदा मोठ्यानं म्हणून बघावं असं. पण ओळख निघाली की संपलंच. आज तिला वाचायचं असेल तर तिचं कोणीही नाही, हे सिद्ध होणं भाग होतं.

हमीदानं मोबाइलमधल्या तीन महिन्यांच्या फोनच्या नोंदी काढल्या. कागद दीडच भरले होते. "हा इपोहचा?"

"आई. दर रविवारी."

"हा?"

"दाताचा दवाखाना."

"आणि हा? सहा मिनिटं. एकदाच."

योक पेंगचा चेहरा लाल झाला. "राँग नंबर."

"राँग नंबरशी सहा मिनिटं?" क्वेकच न राहवून म्हणाला. "अगं, मी बायकोशी बोलत नाही सहा मिनिटं!"

"त्या बाईंना पडदे शिवणारा हवा होता," योक पेंग खाली मान घालून सांगू लागली. "मी म्हटलं, चुकीचा नंबर लागलाय. तर त्या म्हणाल्या, हल्ली कोणी फोनच उचलत नाही, तू उचललास तरी. त्यांच्या नव्या घरात संध्याकाळचं ऊन येतं. मग म्हणाल्या, तूच सांग बाई, रंग कुठला घेऊ. मी म्हटलं, हिरवा. मग... उन्हाबद्दलच बोललो."

हमीदानं तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि तो नंबर लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. योक पेंगला ओठांवर बोट ठेवून गप्प बसायची खूण केली. पलीकडून तोच आवाज आला, थोडासा घोगरा. योक पेंगनं तो लगेच ओळखला.

"पडदे? राँग नंबर?" बाई म्हणाल्या. "छे हो, मला नाही आठवत. दिवसाला दहा जणांशी बोलते मी. पडदे तर केव्हाच लागले. तुम्ही कुठल्या कंपनीतून बोलताय? मला काही घ्यायचं नाहीये!"

फोन बंद झाला. रंग कुठला घेतला, हे विचारायला योक पेंगची जीभ नुसती वळवळत राहिली. हमीदानं कागदावर बरोबरची खूण केली. क्वेकचा जीव भांड्यात पडला.

मग गेक आंटींचा जबाब वाचून दाखवला गेला. त्यांनी तर स्तुतिसुमनंच उधळली होती. सहा वर्षांत एक पाहुणा नाही, दारावर कोणाची थाप नाही, वाढदिवसाचा केकसुद्धा नाही. अशी भाडेकरू शोधून सापडायची नाही. निळ्या शर्टवाल्याचाही पत्ता लागला होता. तो दुसऱ्या देशातला प्रवासी होता, पहिल्यांदाच आलेला, नुसता नशीबवान.

"झालं तर," हमीदा म्हणाली. तिनं शेवटचा कागद समोर ओढला आणि वाचला, "सदर कर्मचाऱ्याचे कोणाशीही संबंध आढळून आले नाहीत."

"सुटलीस!" क्वेकनं टेबलावर थाप मारली. "चल, सही कर. आजच पाळीवर ये. आणि यापुढे हाताला आवर घाल, कळलं?"

योक पेंगनं ती ओळ स्वतः वाचली. पुन्हा वाचली. तीन दिवस ती देवाकडे हीच ओळ मागत होती. आता ती छापील अक्षरात, शिक्क्यासकट समोर होती, आणि तिला रडू आवरेना. क्वेकला वाटलं आनंदानं. त्यानं कागदी रुमाल पुढे केला.

"मॅडम," ती नाक पुसत म्हणाली, "ते चित्रण मला एकदा बघता येईल?"

हमीदानं जरा विचार केला आणि पडदा तिच्याकडे वळवला. वरून घेतलेलं चित्र होतं. टेबल, काळे केस, एक डावा हात. कॅट उघडला, अर्धा वर गेला, अर्धा खाली आला, मिटला. दोन सेकंदही नाही. बघणाऱ्याला तो असा दिसतो, हे ती पहिल्यांदाच बघत होती. इतका सुरेख तो खोलीवर एकदाही झाला नव्हता.

"हे आता पुसलं जाईल," हमीदा म्हणाली. "केस बंद झाली की ठेवता येत नाही. फक्त एक रकाना राहिलाय. हेतू. हे कशासाठी शिकलात?"

"कोणीतरी बघावं म्हणून," योक पेंग म्हणाली.

हमीदाचं पेन थांबलं. कोपऱ्यात क्वेकच्या तोंडचं पाणी पळालं. "योक पेंग, अगं काय बोलतेस!"

"कोणीतरी म्हणजे कोण?" हमीदाचा आवाज अजूनही मऊच होता. "नाव सांगा."

एक नाव, कुठलंही, आणि सकाळपासूनचं सगळं मातीत. योक पेंगनं खरोखर आठवून बघितलं. प्रामाणिकपणे, एकेक चेहरा डोळ्यांसमोर आणून बघितला.

"नाव नाहीये, मॅडम," ती म्हणाली. "नाव असतं तर त्यालाच जाऊन भेटले असते. पत्ते कशाला शिकत बसले असते?"

हमीदा तिच्याकडे बघत राहिली, हातांकडे नाही, तोंडाकडे. मग तिनं मान खाली घातली आणि रकान्यात लिहिलं, 'वेळ घालवण्यासाठी'. कागद फिरवून योक पेंगच्या पुढ्यात ठेवला, आणि योक पेंगनं त्याखाली सही केली.