कोंबडीवरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना अक्षरतक्ता आहे, मेणकापडाचा. माझ्या अंगावर सत्तावीस घरं आहेत. प्रत्येक घरात एक लाओ अक्षर, त्याखाली चित्र, चित्राखाली शब्द. ज्यांना लहानपणी शाळेत जायला सवड मिळाली नाही, अशा मोठ्या माणसांना वाचायला शिकवण्यासाठी माझा जन्म झाला. जन्मतःच माझ्यात एक खोट होती. ती पहिल्याच घरात होती, त्यामुळे लपून राहायला तिला काही कष्ट पडले नाहीत. पहिलं घर सगळ्यांना पाठच असतं, त्याच्याकडे बघतो कोण?

पहिल्या घरात कोंबडी आहे. लाओ भाषेत कोंबडीला 'काय' म्हणतात. 'लांब' यालाही 'काय'च म्हणतात. फरक फक्त आवाजाच्या चढउताराचा. लिहिताना कोंबडीच्या डोक्यावर एक बारीक उभी रेघ देतात, 'लांब'च्या डोक्यावर देत नाहीत. राजधानीतल्या छापखान्यात माझ्या कोंबडीची रेघ राहून गेली. पाच साहेबांनी मला तपासलं आणि सह्या केल्या. सह्यांमध्ये एकही चूक नव्हती. अशा रीतीने चित्र कोंबडीचं आणि शब्द 'लांब' असा मी गुंडाळी होऊन डोंगरात रवाना झालो.

बान नामताक हे गाव खमू लोकांचं. इथल्या खमू बोलीत आवाजाचे असले चढउतार नाहीत. सरकारी लाओ कानावर पडली की दोन्ही 'काय' सारखेच वाटतात. डोळ्यांनी पाहूनच काय ते ओळखायचं. म्हणजे माझ्यावर भलतीच भिस्त होती.

गावाच्या चावडीत मला टांगलं तेव्हा भाषणं झाली. मग साहेब गेले आणि विलायफोन बाई राहिल्या. खालच्या शहरातून आलेल्या तरुण शिक्षिका. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि खडूने कोंबडीवर रेघ काढली. वर कळवलंही. वरून उत्तर आलं की तक्ता ही सरकारी मालमत्ता आहे, त्यावर कायमचं काही लिहू नये, दुरुस्तीचा कागद येत आहे. तेव्हापासून बाई रोज खडूची रेघ काढू लागल्या.

आणि बुआलाय आजी रोज ती पुसू लागल्या.

बुआलाय आजींइतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही. वर्गात सगळ्यांच्या आधी यायच्या आणि ओल्या फडक्याने मला घरोघर पुसायच्या. नजर अधू असल्यामुळे आजींना फक्त मोठी अक्षरं दिसायची. रेघ म्हणजे त्यांच्या लेखी धूळ. त्यांची सून सेंगदाव पोर मांडीवर घेऊन अगदी पुढे बसायची, कारण मागे बसलं की पोर दुसऱ्यांचे केस ओढायचं. तिला ती रेघ दिसायची.

"आई, ती पुसू नका," एकदा ती म्हणाली. "बाईंनी काढलीय."

"बाई काय धूळ काढतात होय वर्गात?" आजी म्हणाल्या. "घरात झाडू दिसत नाही हिला, इथे बरोबर रेघ दिसते."

वर्ग हसला. सेंगदावने पुन्हा तोंड उघडलं नाही.

पुढे गाव संपूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर झालं. वेशीवर तशी पाटी लागली. पाटीवर काय लिहिलंय ते गावातली निम्मी माणसं एकमेकांना विचारत होती. बाईंची बदली झाली. मला आजी घरी घेऊन गेल्या. काही दिवस भिंतीवर होतो. मग पावसात कोंबड्यांच्या डालग्यावर झाकण हवं होतं आणि मेणकापडातून पाणी गळत नाही, हा माझा गुण आजींच्या लक्षात आला. ज्या कोंबडीची रेघ मला सांभाळता आली नाही, तिच्याच डोक्यावर मी जाऊन बसलो.

मित्रांनो, आता ज्या सकाळची गोष्ट सांगतो, ती आठवली की माझ्या घड्या आपोआप आवळतात.

ओढ्यालगतच्या शेतात नांगराला बॉम्ब लागला. जुन्या युद्धातला. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल नाही. आजींची कांद्याची पात अशाच एका रिकाम्या कवचात उगवते. पण हा रिकामा नव्हता आणि मोठा होता. बॉम्ब निकामी करणारं पथक आलं. नायबान, म्हणजे आमचे सरपंच, नेमके जिल्ह्याला साक्षरतेच्या सभेला गेले होते. पथकाने शेताला दोरी बांधली आणि पायवाटेवर पाटी ठोकली. वर कवटी, खाली एक ओळ.

संध्याकाळी सासू-सुना शेतातून परतल्या तेव्हा मी आजींच्या पाठीवरच्या टोपलीवर होतो. आजी पाटीपाशी थांबल्या. सेंगदाव सरपणाच्या भाऱ्याखाली वाकली होती, तिला जमिनीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

पाटीवर लिहिलं होतं, उद्या सकाळी लांब राहावं. आता लाओत 'राहावं' आणि 'असावी' यांना शब्द एकच. आजींनी बोट ठेवून, अक्षर न् अक्षर लावून वाचलं. "उद्या सकाळी. असावी. काय." मग मागे वळून म्हणाल्या, "उद्या सकाळी कोंबडी असावी."

"कुणाला?"

"ही कवटी कुणाची? जमिनीखालच्यांची. त्यांचं घर उकरायचं तर कोंबडी द्यायला नको? शहरातली माणसं, पण रीत जाणतात हो."

"आई, नीट वाचलंत ना?"

"मी नाही तर काय तू वाचणारेस? चल, भारा सांभाळ."

मित्रांनो, आजींनी चुकीचं वाचलं नव्हतं. मी शिकवलं तसंच वाचलं होतं.

पहाटेच आजी उठल्या. दोन तांबड्या कोंबड्या डालग्यात घातल्या, वरून मला बांधलं आणि बांबूच्या बनातून ओढ्याच्या वाटेने निघाल्या. ती वाट फक्त कोंब वेचणाऱ्या बायकांना ठाऊक. पथकाने पहारेकरी बसवले होते ते मोठ्या वाटांवर. थोड्या वेळाने पथकाची माणसं गावात शिरली आणि दारोदार हाका मारून सगळ्यांना टेकडीपलीकडे काढू लागली. सेंगदावच्या दारातही एकजण हातवारे करत 'काय, काय' म्हणत उभा राहिला. ती आजींना शोधत होती. डालगं जागेवर नव्हतं. तिने पोर शेजारणीच्या कडेवर टाकलं, पायवाटेवरच्या पाटीपर्यंत धावली आणि वाचलं. शब्दाच्या डोक्यावर रेघ नव्हती. हे सगळं तिने नंतर इतक्यांदा सांगितलं की मीच तिथे होतो असं वाटतं.

मी मात्र ओढ्यावर होतो. आजी बनातून बाहेर आल्या तेव्हा दोरी मागच्या बाजूला होती. म्हणजे आम्ही दोरीच्या आत होतो. समोर मातीच्या पोत्यांचा ढीग आणि ढिगातून निघून लांबवर गेलेली एक काळी तार. माणूस एकही नाही. आजींनी डालगं खाली ठेवलं आणि दगडावर बसून श्वास घेतला.

पलीकडच्या उतारावरून पहारेकऱ्याने पाहिलं. तो दोन्ही हात हलवत ओरडला, "काय. काय."

"आणलीय, आणलीय," आजी उठून म्हणाल्या. "दोन आणल्यात."

"काय," तो पुन्हा ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

"ऐकू येतं रे बाबा. किती घाई." आणि आजी डालगं उचलून पोत्यांच्या दिशेने चालू लागल्या.

पहारेकरी हातातल्या यंत्रात बोलत होता. यंत्र खरखरत होतं. मी आजींच्या पाठीवर ताठ होऊन गेलो. सत्तावीस अक्षरं अंगावर असून एक शब्द बोलता येत नाही, हे दुःख तक्त्यालाच कळावं.

तेवढ्यात मागून बांबू कडकडले. सेंगदावने डालगंच धरलं.

"आई, मागे फिरा. कोंबडी नाही मागितली. लांब जा म्हणतायत."

"वाचता मला येतं."

"येतं. चला."

"सोड डालगं. दहाजणांत सून मला वाचायला शिकवणार?"

दहाजण कुठेच नव्हते, पण आजींना ते नेहमी दिसायचे. पलीकडे भोंगा वाजू लागला. सेंगदावने खाली वाकून ओढ्याचा चिखल अंगठ्याला लावला आणि माझ्या पहिल्या घरात, कोंबडीच्या शब्दावर, जाड रेघ ओढली. मग बांधलेली दोरी तोडून मला आजींच्या नाकासमोर धरलं.

"ही असेल तर कोंबडी. पाटीवर ही नाही. हीच तुम्ही रोज पुसायचात."

आजींनी रेघेकडे पाहिलं. भोंगा वाजत होता. मग त्या इतक्या हळू बोलल्या की मलाच ऐकू आलं. "म्हणजे ती धूळ नव्हती?"

"नव्हती आई."

पुढचं सगळं धावणं आहे. आजी धावतात हे गावाला त्या दिवशी कळलं. बनापलीकडे ओढ्याचा काठ खोल आहे, तिथे सेंगदावने त्यांना खाली ओढलं, अंगावर मला घेतलं आणि डालगं पोटाशी धरलं. मग जमीन खालून वर आली. आवाज नंतर आला. बांबूचे तुकडे, माती, दगड माझ्यावर पडत राहिले. एक दगड हत्तीच्या घरातून आरपार गेला. तिथे अजून भोक आहे.

पहारेकरी धापा टाकत आला तेव्हा आजी केसांतली माती झटकत होत्या. यंत्रातून तो थांबा म्हणत होता, पण खरखरीत तिकडे ते ऐकू जाईपर्यंत बटण दाबलं गेलं होतं. तो रडकुंडीला आला होता. आजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि सेंगदावला म्हणाल्या, "विचार त्याला, जेवलाय का."

एक कोंबडी जमिनीखालच्यांना दिली, उशिरा का होईना. दुसरी अजून अंडी घालते.

मी पुन्हा भिंतीवर आहे. चिखलाच्या रेघेवर सेंगदावने लाख वितळवून पक्की रेघ ओढली. सरकारी मालमत्तेवर, कायमची. दुरुस्तीचा कागद अजून वाटेत आहे. संध्याकाळी बायका जमतात. शिकवते सेंगदाव. आजी मागे बसत नाहीत, पुढे बसतात, पोराचा हात धरून.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. आम्हाला पुसा, झटका, उन्हात घाला. पण पुसण्याआधी क्षणभर थांबून, काय पुसतोय ते बघा. दिसत नसेल तर ज्याला दिसतं त्याला विचारा, मग तो घरात सगळ्यात धाकटा का असेना. आमच्या घरी आता तशीच पद्धत आहे. आजी ओलं फडकं घेऊन येतात आणि एकेका ठिपक्यापाशी थांबतात.

"सेंगदाव, हे अक्षर की धूळ?"

"धूळ आहे, आई."

"तिथून सांगू नकोस. जवळ येऊन बघ."